दोघांचाही जीनोटाईप ३ आला, म्हणजे एकाचा दुसऱ्याला लागला का?

रेणाकाठ
मंडळी, जरा डोकं लावून सांगा. आमच्या चुलत्यानं शिवजयंतीच्या शिबिरात रक्तदान केलं, नंतर ब्लड बँकेतून फोन आला की येऊन भेटा. गेलो तर हिपॅटायटिस सी रिअ‍ॅक्टिव्ह. पुढं आरएनए टेस्ट केली, विषाणू आत्ता अंगात हाय का ते बघायची, तीबी पॉझिटिव्ह. डॉक्टरनं जीनोटाईप, म्हणजे विषाणूचा प्रकार, बघायला लावला, तो ३ आला. चुलते माळकरी माणूस, दारू सोडा, सुपारीबी खात नाहीत. तरी लिव्हर म्हटलं की लोकं गालातल्या गालात हसायलेत.

आता खरी भानगड. आमच्याच गल्लीतल्या एकाला दोन वर्षाखाली हेच निघालं होतं. त्याचा रिपोर्ट बघितला तर त्याचाबी ३. झालं, भावकीनं निकाल लावून टाकला. दोघं एकाच पारावर बसतेत, एकाच न्हाव्याकडं दाढी करतेत, म्हणजे त्याचाच ह्यांना लागला. न्हाव्याच्या दुकानात जायचं काहींनी बंद केलंय, आणि त्या माणसाच्या घरी संक्रांतीला वाण घ्यायलाबी बाया गेल्या नाहीत. मला एवढंच विचारायचंय की नंबर सारखा आला म्हणजे हे सिद्ध होतं का?

कामून_बाप्पा
पारावर बसून लागत असतं तर अख्खा बीड जिल्हा पॉझिटिव्ह निघाला असता राव 😄

लॅबवाला_नांदेड
रेणाकाठ, सिद्ध काहीच होत नाही. जीनोटाईप म्हणजे आडनाव समजा. लातूरच्या स्टँडवर दोन जाधव भेटले म्हणून ते सख्खे भाऊ होत नाहीत. भारतात ३ नंबरचाच विषाणू सगळ्यात जास्त सापडतो, त्याच्या मागं १ नंबर. म्हणजे आपल्याकडं कोणतेबी दोन अनोळखी पेशंट उचलले तरी दोघांचा ३ यायची शक्यता चांगलीच असते. उलट एकाचा ३ आणि दुसऱ्याचा १ आला असता तर मात्र छातीठोक सांगता आलं असतं की ह्याचा त्याला लागलेला नाही. जीनोटाईपनं नातं तोडता येतं, जोडता येत नाही.

रिपोर्टवर ३ए का ३बी असा उपप्रकार काही लिहिलाय का बघा.

रेणाकाठ
चुलत्याच्या रिपोर्टवर नुसतं ३ हाय. त्या माणसाच्या रिपोर्टवर ३ए.

लॅबवाला_नांदेड
मग तर अजूनच काही बोलता येत नाही.

तुळजापूरची_सून
बाकी ते जाऊ द्या, घरात ताट वाटी वेगळी करायची का? आमच्या नणंदेच्या सासऱ्याला निघालं तर त्यांनी म्हाताऱ्याचा तांब्यासुद्धा वेगळा केलाय, न्हाणी वेगळी, अंथरूण वेगळं. बिचारा ओसरीवर पडून असतो.

घाटीतली_सिस्टर
तुळजापूरची_सून, ताई तो तांब्या आजच परत आत घ्यायला सांगा. हिपॅटायटिस सी रक्तातून रक्तात जातो. एका ताटात जेवून, हातात हात घेऊन, खोकून, पाण्यातून लागत नाही. आईच्या दुधातूनही नाही, फक्त स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तर तेवढे दिवस थांबावं. नवराबायकोत लागण्याची शक्यता असते पण फार कमी. बाळंतपणात आईकडून बाळाला साधारण शंभरात पाच-सहा वेळा जातो. घरात वेगळं ठेवायचं ते एवढंच, दाढीचं ब्लेड, नेलकटर, दातांचा ब्रश, आणि जखम उघडी ठेवायची नाही.

गोंधळ होतो तो कावीळ म्हटल्यामुळं. पाण्यातून येणारी कावीळ ए आणि ई ची, पावसाळ्यात गावंच्या गावं पिवळी पडतात ती. बी आणि सी चं खातं वेगळं. सी मध्ये तर बहुतेकांना कावीळ दिसतसुद्धा नाही, वीस वीस वर्षं माणूस शेतात राबत असतो आणि आत लिव्हर कडक होत असतं.

बालाघाटी
आमच्याकडं एका गावात रविवारी माळ देतेत, डोक्यावर घालायची, कावीळ उतरली की माळ आपोआप वाढत पायापर्यंत येते. माझ्या मावसभावाला गुण आला. एकदा करून बघायला काय हरकत हाय, पैसे पण घेत नाहीत.

विवेकी_परभणीकर
बालाघाटी, माळ कावीळ नसलेल्या माणसाला घाला, तरीबी वाढती. खुंटीला अडकवून ठेवा, तिथंबी वाढती. ओल्या काड्या सैल गाठीत ओवलेल्या असतेत, वाळल्या की गाठी सरकतेत. चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी काढतेत त्याचीबी तीच गत, आंब्याच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आला की पिवळा रंग येतोच. मावसभावाची कावीळ ए ची असणार, ती बहुतेकांची आपली आपणच बरी होती. सी असा जात नाही. नव्यानं लागण झालेल्यांपैकी १५ ते ४५ टक्के लोकांचं शरीर त्याला हाकलतं, बाकीच्यांच्यात तो ठाण मांडून बसतो.

बालाघाटी
मी आपलं सांगितलं. श्रद्धा ज्याची त्याला.

वस्तरा
मी मुद्दाम लॉगिन करून लिहायलोय कारण आमचं घरच ह्या धंद्यातलं. वडलांचं दुकान जालना रोडच्या एका गावात, आता मी बघतो. रेणाकाठ भाऊ, तुमच्याकडच्या न्हाव्याच्या दुकानात जायचं काहींनी बंद केलंय हे वाचून वाईट वाटलं. हो, पूर्वी एकच वस्तरा तुरटीला लावून दिवसभर चालायचा, नाकारत नाही, आणि कापलं तर रक्त लागायचंच. पण आता आम्ही गिऱ्हाईकासमोर पाकीट फोडून ब्लेड मोडतो, अर्धं ह्याला अर्धं त्याला, वापरलेलं डब्यात. जो असं करत नसेल त्याला तोंडावर सांगा की नवीन ब्लेड लाव. पण सगळं खापर आमच्याच डोक्यावर कशाला? सुई टोचणाऱ्याला कोण विचारत नाही कारण त्याच्या पाटीवर डॉक्टर लिहिलेलं असतं.

घाटीतली_सिस्टर
वस्तरा, लाखातलं बोललात. रेणाकाठ, आता तुम्हाला खरा प्रश्न विचारते. चुलते आणि तो माणूस, दोघं अंगदुखीला, थकवा आला की सलाईन कुठं लावतात?

रेणाकाठ
गावातच. सगळं गाव तिथंच जातं. पेरणी झाली की सलाईन, रास झाली की सलाईन. त्या लाल बाटलीनं ताकद येती म्हणतेत.

घाटीतली_सिस्टर
तेच वाटलं होतं. मी नोकरीला लागायच्या आधी एका खाजगी दवाखान्यात काही दिवस होते, नाव घेत नाही. तिथं टेबलावर इंजेक्शनची मोठी बाटली असायची, दहा-पंधरा पेशंटला पुरेल अशी, आणि तिच्या रबरी बुचात एक सुई कायमची खोचून ठेवलेली. प्रत्येकाला सुई नवीन लावायचे, पेशंट खूष. पण सिरिंज तीच. टोचलं की थोडं रक्त सिरिंजच्या तोंडाशी परत येतं, डोळ्याला दिसत नाही एवढं. तीच सिरिंज परत त्या बाटलीवर लावून औषध ओढलं की विषाणू बाटलीत. मग पुढच्याला अगदी सीलबंद पाकिटातली सिरिंज वापरली तरी औषधच बाटलेलं. सलाईनच्या नळीत वरून इंजेक्शन मारतात तिथंही हाच प्रकार. लोक सुई नवी आहे का बघतात, सिरिंज आणि बाटली कोण बघत नाही. हा विषाणू शरीराबाहेर सिरिंजमधल्या रक्तात कित्येक दिवस तग धरतो.

मोंढ्यातला_अडत्या
मी म्हणतो हे शोधून करायचंय काय? कोणाचा लागला, कुठून लागला, डॉक्टरचा का न्हाव्याचा. कोर्टात जायचंय का? गोळ्या चालू करा आणि विषय संपवा. गावात नुसती भांडणं लागतेत.

घाटीतली_सिस्टर
मोंढ्यातला_अडत्या, गोळ्या चालू कराच, पण ती बाटली तिथंच टेबलावर असेल तर उद्या तिसरा, परवा चौथा. २००९ ला गुजरातमध्ये मोडासा भागात हिपॅटायटिस बी ची साथ आली ती वापरलेल्या सिरिंजमुळंच, त्यात माणसं दगावली. माणूस शोधू नका, सुई शोधा.

हिंगोलीचा_पुण्यात
संशोधनात आहे, विषाणूंवरच काम चालतं, म्हणून थोडं लांबण लावतो, कंटाळा आला तर खाली सरका.

लॅबवाला दादांचं आडनावाचं उदाहरण झक्कास. त्याच्या पुढचं सांगतो. सी विषाणूचा सगळा मजकूर म्हणजे आरएनएची साधारण ९,६०० अक्षरं. ती उतरवून काढणारा त्याचा जो एन्झाइम आहे तो चुका करतो आणि तपासून दुरुस्त करत नाही. आणि एका पेशंटच्या अंगात दिवसाला एक लाख कोटीच्या आसपास नवे विषाणू तयार होतात. मग काय, एकाच माणसात एक विषाणू नसतोच, एकमेकांपेक्षा थोडे थोडे वेगळे असा घोळका असतो. अँटिबॉडी एकाला ओळखेपर्यंत त्याचं बाहेरचं आवरण बदललेला दुसरा पुढं आलेला असतो. लस अजून नाही त्याचं मोठं कारण हेच, आणि एकदा बरा झालेल्याला परत लागू शकतो त्याचंही.

हे फरक साचत साचत आज ८ जीनोटाईप झालेत. दोन जीनोटाईपमध्ये अक्षरांचा फरक ३० टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे हे कालपरवा वेगळे झालेले नाहीत. १ नंबर जगभर, २ पश्चिम आफ्रिकेतला, ४ इजिप्त आणि मध्य आफ्रिका, ५ मुख्यतः दक्षिण आफ्रिका, ६ आग्नेय आशिया आणि आपल्या ईशान्य भारतातही, ७ काँगोकडचा. ८ वा २०१८ मध्ये जाहीर झाला, कॅनडात राहणाऱ्या चार पेशंटमध्ये सापडला आणि ते चौघंही मूळचे पंजाबचे.

आता रेणाकाठच्या प्रश्नाला लागून इजिप्तची गोष्ट. तिथं नाईलच्या पाण्यातून बिलहार्झिया नावाचा जंत लागायचा. १९५० च्या दशकापासून १९८० च्या सुरुवातीपर्यंत सरकारनं गावोगाव मोहीम काढून टार्टर इमेटिकची इंजेक्शनं दिली, काचेच्या सिरिंजा नीट न उकळता पुन्हा पुन्हा वापरून. जंत गेला असेल नसेल, सी घरोघरी पोचला, जगात सगळ्यात जास्त प्रमाण त्यांच्याकडं झालं. आणि जवळजवळ सगळा जीनोटाईप ४. आता कैरोतल्या दोन माणसांचा ४ आला म्हणून एकानं दुसऱ्याला दिला म्हणायचं का? दोघांच्या मधोमध उभी आहे ती सरकारी सिरिंज.

गोदातीरी
नांदेडहून सचखंड एक्सप्रेसनं अमृतसरला आमचं येणंजाणं चालूच असतं, आता आठवा नंबर तपासायला लागतंय का काय 😅

लॅबवाला_नांदेड
गोदातीरी, गाडीत बसून लागत नाही बापा. डब्यात कोणाकडून गोंदवून घेऊ नका फक्त.

कामून_बाप्पा
आमच्या भाच्यानं जत्रेत दंडावर महादेव काढून घेतलाय. मशीन तेच, शाईची वाटी तीच, पुढं वीस पोरं रांगेत. हे वाचून आता पोटात गोळा आला.

घाटीतली_सिस्टर
कामून_बाप्पा, त्याची अँटिबॉडी टेस्ट करून घ्या. लगेच करू नका, लागण झाली असली तरी अँटिबॉडी दिसायला दोन-तीन महिने जाऊ शकतात.

बरा_झालेला
मी स्वतः पेशंट होतो म्हणून लिहितो. अँटिबॉडी टेस्ट निघाली की लगेच रडारड करायची नाही, ती एवढंच सांगते की विषाणू कधीतरी येऊन गेला. तो आत्ता आहे का ते आरएनएवर कळतं. माझं आरएनए निगेटिव्ह होऊन जमाना झाला पण अँटिबॉडी अजून पॉझिटिव्ह येते आणि येतच राहणार, नव्या डॉक्टरकडं गेलं की प्रत्येक वेळी हीच पोथी वाचावी लागते. रक्तदान आता करता येत नाही एवढीच खंत.

मला निघालं तेव्हा इंटरफेरॉनचा जमाना होता. दर आठवड्याला पोटात सुई, वर रिबाविरीनच्या गोळ्या. संध्याकाळी इंजेक्शन घेतलं की रात्री हुडहुडी भरून ताप, सकाळी उशीवर केस, चिडचिड एवढी की बायको लेकरं घेऊन माहेरी जाते म्हणाली. रान विकून उपचार केला आणि औषध बंद झाल्यावर विषाणू परत हजर. नंतर सोफोसबुविरच्या गोळ्या आल्या. अमेरिकेत २०१३ च्या शेवटी आली तेव्हा एका गोळीला हजार डॉलर, बारा आठवड्यांचे ८४ हजार. आपल्याकडं भारतीय कंपन्यांना बनवायला परवानगी मिळाली आणि भाव धाडकन खाली आला. मी त्याच गोळ्यांवर बरा झालो. त्रास म्हणाल तर थोडं डोकं दुखायचं, बस्स.

रेणाकाठ
बरा_झालेला काका, हे वाचून चुलत्याला धीर आला, मी मोबाईलवर वाचूनच दाखवलं. पण एक सांगा, डॉक्टरकडं दुसऱ्यांदा गेलो तर ते म्हणाले आता जीनोटाईपची गरज पडत नाही, गोळ्या सगळ्यावर चालतेत. मग आधीच्यानं आमचे पैसे कशाला घालवले?

हिंगोलीचा_पुण्यात
पूर्वी त्यावरच औषध आणि मुदत ठरायची, म्हणून जुनी सवय. आता सोफोसबुविरबरोबर डॅक्लाटासविर किंवा वेल्पाटासविर देतात, ते सगळ्या जीनोटाईपवर चालतं, ९५ टक्क्यांच्या वर लोक बरे होतात. तरी ३ ची माहिती अगदीच वाया नाही. ह्या प्रकारात लिव्हरवर चरबी जास्त चढते, दारू न पिणाऱ्याच्यासुद्धा. तुमच्या चुलत्याच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलं असेल तर हसणाऱ्यांना हे सांगा. आणि सिरॉसिस झालेला असेल तर ३ जरा चिवट, म्हणून लिव्हर किती कडक झालंय हे आधी बघणं महत्त्वाचं.

घाटीतली_सिस्टर
आणि खाजगीत पैसे घालवू नका. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झालाय, त्यात तपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत. जिल्हा रुग्णालय नाहीतर जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजला चौकशी करा. गोळ्या सुरू करायच्या आधी हिपॅटायटिस बी ची टेस्ट झालीच पाहिजे, बी लपून बसलेला असला तर सी गेल्यावर तो उसळी मारतो. हृदयाची ॲमिओडॅरोन गोळी चालू असेल तर डॉक्टरला आवर्जून सांगा. ॲसिडिटीची गोळी रोज खात असतील तेही सांगा.

मोंढ्यातला_अडत्या
हे सगळं पटलं. पण मूळ प्रश्न तसाच राहिला ना? समजा एखाद्याला सिद्धच करायचं असलं की अमक्यापासून तमक्याला गेला, तर मार्ग हाय का नाही?

हिंगोलीचा_पुण्यात
आहे. दोघांच्या विषाणूचा मजकूर अक्षर न् अक्षर वाचायचा आणि त्याच भागातल्या, संबंध नसलेल्या बाकीच्या पेशंटचाही वाचायचा. मग वंशावळ मांडायची. अक्षरं बदलण्याचा वेग साधारण माहीत आहे, दर हजार अक्षरांमागं वर्षाला एक बदल, त्यावरून फांदी कधी फुटली त्याचा अंदाज येतो. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला असा खटला झाला. भूल देणारा एक डॉक्टर पेशंटचं वेदनाशामक आधी स्वतःला टोचून उरलेलं त्याच सुईनं पेशंटला द्यायचा. त्याच्याकडून २७५ जणांना लागण झाल्याचं ह्या वंशावळीवरून दाखवता आलं, आणि संशयित यादीतले काही जण बाहेरही काढले, त्यांचा विषाणू वेगळ्या फांदीवरचा होता. २००७ मध्ये त्याला शिक्षा झाली.

पण तिथंही नुसत्या झाडावर निकाल नव्हता, कोणाचं ऑपरेशन कधी झालं ह्याची नोंद जोडीला होती. शिवाय दोन विषाणू जवळचे निघाले तरी अ कडून ब ला गेला का ब कडून अ ला का दोघांनाही क कडून, हे ठरवणं अवघड असतं. भावकीच्या पारावर तर मुळीच होत नाही.

रेणाकाठ
चुलतीला आज सगळं खोदून विचारलं. १९९६ ला ट्रॅक्टर पलटी होऊन मांडी मोडली होती तेव्हा दोन बाटल्या रक्त चढवलेलं. हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं.

लॅबवाला_नांदेड
घ्या. तेव्हा ब्लड बँकेत सी ची तपासणी सक्तीची नव्हती, ती २००० नंतर झाली. विषाणू सापडलाच १९८९ ला, त्याआधी नुसतं ए नाही बी नाही असं म्हणायचे. ज्यांनी हे शोधलं त्या आल्टर, हॉटन आणि राईस ह्यांना २०२० चं नोबेल मिळालं. त्या काळात रक्त घेतलेल्या सगळ्यांनी एकदा टेस्ट करावी असं मी कायम सांगतो. रक्तामुळंच लागला असंही म्हणत नाही मी, सलाईनचा संशय आहेच. पण त्या गल्लीतल्या माणसाला दोष द्यायला तुमच्याकडं तसूभर पुरावा नाही.

वस्तरा
आणि न्हाव्याला?

लॅबवाला_नांदेड
न्हाव्याला पण नाही राव 😄

तुळजापूरची_सून
सिस्टर, तांब्या आत आला. सासरेबुवा काल पंगतीत जेवले म्हणे. नणंदेच्या सासूबाई अजून कुरकुर करायल्यात पण करू द्या.

मोंढ्यातला_अडत्या
रेणाकाठ, त्या सलाईनवाल्याचं काय करणार?

रेणाकाठ
एकट्यानं बोललं तर गाव माझ्याच अंगावर येईल, रातच्याला दोन वाजता दार उघडणारा तोच एक हाय. आशाताईशी बोललोय, त्या आरोग्य केंद्रातल्या मॅडमला सांगून गावात तपासणी शिबिर लावता येतं का बघायल्यात. आकडा समोर आला तर आपोआप विषय निघेल. आरएनएची टेस्ट उपाशीपोटी करायची का? चुलत्याची एकादशी हाय उद्या.

घाटीतली_सिस्टर
आरएनएला उपाशी राहायची गरज नाही, साबुदाणा खाऊन या म्हणावं. मात्र सोनोग्राफी त्याच दिवशी असेल तर रिकाम्या पोटी. आणि जुने सगळे कागद, १९९६ चं डिस्चार्ज कार्ड सापडलं तर तेही, एका पिशवीत घालून आणा.